स्वीडिश आडनावं: आली कुठून आणि देवनागरीत लिहायची कशी?

विज्ञानबाई_सातारा

नमस्कार मंडळी. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. यंदा शाळेच्या हस्तलिखितासाठी मुलांकडून शास्त्रज्ञांवर एकेक पान लिहून घेतेय आणि माझ्या वर्गाने निवडलेल्यांत स्वीडनचेच सहा जण निघाले. सेल्सिअस, लिनिअस, बर्झेलियस, अँगस्ट्रॉम, अऱ्हेनियस आणि नोबेल. अडचण अशी की प्रत्येक पुस्तकात नाव वेगळं लिहिलेलं आहे, एकट्या अऱ्हेनियसचीच मला तीन रूपं सापडली, आणि मुलं विचारतात बाई बरोबर कुठलं. त्यात एका मुलीने विचारलं की हे सगळे 'यस'वाले एकाच घराण्यातले होते का? मला उत्तर देता आलं नाही.

दुसरं म्हणजे आपल्याला पेपरात जे स्वीडिश लोक भेटतात ते सगळे अँडरसन, जोहान्सन, नाहीतर लिंडबर्ग, लिंडस्ट्रॉम. मग हे 'सन', 'बर्ग', 'स्ट्रॉम', 'यस' असे गट का पडलेत? आपल्याकडे कर लागलं की गाव कळतं, कुलकर्णी म्हटलं की काम कळतं, तसं तिकडे काही कळतं का? आणि खरा उच्चार काय? कोणी तिकडे राहणारं असेल तर सविस्तर लिहा प्लीज, मुलांना वाचून दाखवणार आहे.

उप्सालाकर

बाई, अगदी माझ्या आवडीचा विषय काढलात, अकरा वर्षं स्वीडनमधल्या उप्सालात आहे आणि तुमच्या यादीतले बरेचसे लोक याच गावात शिकले नाहीतर शिकवायला होते. सेल्सिअसचं घर अजून आहे इथे, बाजाराच्या रस्त्यावर. ते रस्त्याला समांतर नाहीये, चक्क तिरकं उभं आहे, आजूबाजूच्या दुकानांच्या रांगेत एकच घर खांदा वळवून बसल्यासारखं दिसतं. १७४१ साली त्यावर त्याने वेधशाळा केली होती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पिशव्या खाली ठेवून बराच वेळ बघत राहिलो होतो.

आता त्या मुलीचा प्रश्न. नाही, एका घराण्यातले नाहीत, पण एका प्रकारच्या घरांतले नक्की आहेत. त्या काळी साध्या शेतकऱ्याला आडनावच नसायचं, बापाचं नाव लावायचं की झालं. पण मुलगा पाद्री व्हायला किंवा विद्यापीठात शिकायला गेला की तिथे सगळा कारभार लॅटिनमध्ये, मग तो स्वतःला एक लॅटिन नाव करून घ्यायचा, बहुतेकदा आपल्या गावावरून किंवा शेतावरून. म्हणजे तुमचं 'कर'च झालं की ते, फक्त लॅटिन वेशातलं. सेल्सिअसच्या आजोबांचं घर हॉगेन नावाच्या जागी, हॉग म्हणजे टेकाड, उंचवटा, आणि लॅटिनमध्ये उंच म्हणजे 'सेल्सुस', त्यावरून सेल्सिउस. बर्झेलियस हे बॅर्यसेतेर नावाच्या शेतावरून. अऱ्हेनियस हे स्मोलांद प्रांतातल्या ओरेना या शेतावरून. नोबेलचे पूर्वज दक्षिणेला नॉब्बेलॉव नावाच्या गावचे, सतराव्या शतकात त्यांच्यातला एक जण उप्सालाला शिकायला आला आणि नोबेलिउस झाला, मग पुढच्या पिढ्यांत शेपूट गळून नुसतं नोबेल उरलं.

सगळ्यात सुंदर गोष्ट लिनिअसची. त्याच्या वडिलांना विद्यापीठात नाव घालताना आडनाव हवं होतं, तोवर ते नुसते इंगेमारचा मुलगा नील्स असे होते. त्यांच्या घराण्याच्या जमिनीवर एक मोठं लिंडनचं झाड होतं, त्याला तिकडच्या बोलीत 'लिन' म्हणायचे, त्यावरून लिनेउस. आणि त्याच एका झाडावरून त्यांच्या नात्यातल्या दुसऱ्यांनी लिंदेलिउस घेतलं, आणखी कोणी तिलिआंदर घेतलं, कारण लॅटिनमध्ये त्या झाडाला 'तिलिया' म्हणतात आणि 'आंदर' हे ग्रीकमधल्या माणूस या शब्दावरून आलंय. एका झाडाची तीन आडनावं! पुढे मुलाला सरदारकी मिळाली आणि तो फॉन लिने झाला. ज्याने जगातल्या झाडांना नावं दिली त्याचं स्वतःचं नाव एका झाडाने दिलेलं आहे हे मुलांना जरूर सांगा.

उच्चारांचं मात्र मला मनापासून सांगायचंय, कारण इथे आपण मराठी माणसं उगाच नुकसान करून घेतो. आपण स्वीडिश नाव आधी इंग्रजीत वाचतो आणि मग ते इंग्रजी देवनागरीत उतरवतो. पण स्वीडिशमध्ये साधा टी म्हणजे आपला स्वच्छ 'त', साधा डी म्हणजे 'द'. म्हणून लिंदस्त्रॉम, लिंडस्ट्रॉम नाही. आणि मग 'ट' आणि 'ड' नाहीतच का? आहेत की! आर आणि टी शेजारी आले की दोघं मिळून 'ट' होतो. आर-डी चा 'ड'. आर-एन चा 'ण'. आर-एस चा 'ष', म्हणजे पोटफोड्या, आणि तोही जीभ खरोखर मागे वळवून म्हटलेला, जसा आपण आता फारसा म्हणतही नाही. आणि आर-एल चा चक्क 'ळ'!

मला हे समजायला दीड वर्ष लागलं. भाषेच्या वर्गात माझ्या शेजारी एक इंग्रज बसायचा, तो बिचारा 'ळ' साठी आरशात जीभ बघून सराव करायचा आणि मला कळेना याला एवढं अवघड काय वाटतंय. मग बाईंनी फळ्यावर कार्ल लिहिलं, वाचून दाखवलं आणि मला स्पष्ट ऐकू आलं, 'काळ'. त्या दिवशी मी वहीत पहिल्यांदा स्वीडिश शब्द देवनागरीत लिहून काढले आणि तिथून पुढे उच्चार कधी अडला नाही.

तर आंदेर्स हे नाव ऐकायला 'आन्देष', आणि त्याचा मुलगा 'आन्देषॉन'. लार्सचा 'लाषॉन', पेरचा 'पॅषॉन'. टेनिसवाला ब्यॉर्न बोर्ग इथे 'ब्यॉण बॉर्य' आहे. ब्यॉण म्हणजे अस्वल आणि बॉर्य म्हणजे किल्ला. शेवटी आर-जी आलं की जी चा 'य' होतो, म्हणून सगळे बर्ग हे खरं तर 'बॅर्य', ग्रेता थुनबर्ग ही 'ग्रेता त्यूनबॅर्य' च्या जवळ जाते. जे बहुतेकदा 'य', तुमचे जोहान्सन 'यूहान्सॉन', घाईत 'यूआन्सॉन'. शब्दाच्या सुरुवातीला एल-जे आलं तर एल मुका, म्हणून फुटबॉलवाला युंगबॅर्य.

कागदपत्री

उप्सालाकर, +१, 'ळ'चं मला माहीतच नव्हतं!

मी अमेरिकेत मिनेसोटात असते, नवऱ्याकडचे सगळे मूळचे स्वीडनचे, त्यामुळे गेली काही वर्षं त्यांच्या चर्चच्या जुन्या वह्या ऑनलाइन वाचायचा नाद लागलाय. तिकडे पाद्री घरोघरी जाऊन लोकांना धर्माचं किती येतं ते तपासायचा आणि घरटी नोंद करायचा, कोण जन्मलं, कोण मेलं, कोण कुठल्या गावी गेलं. त्या वह्यांत आडनावांचा सगळा कारखाना दिसतो.

बाई, तुमच्या 'सन'बद्दल सांगते. ते सुरुवातीला आडनाव नव्हतंच. आंदेर्सचा मुलगा नील्स असेल तर तो नील्स आंदेर्सॉन, पण नील्सचा मुलगा पेर हा पेर नील्सॉन आणि त्याची बहीण कारिन ही नील्सदोतेर, दोतेर म्हणजे मुलगी. म्हणजे बाप आंदेर्सॉन, मुलगा नील्सॉन, मुलगी नील्सदोतेर, आणि आई तिच्या स्वतःच्या बापाच्या नावाची, कारण लग्नाने बाईचं नाव बदलायचं नाही. एका घरात चार नावं. मला सुरुवातीला एक कुटुंब सापडायला रविवार पुरायचा नाही. जोहान्सनच्या स्पेलिंगमध्ये दोन एस दिसतात ना, त्यातला पहिला आपल्या 'चा'चा आणि दुसरा सॉनचा. अमेरिकेत आल्यावर त्यातला एक बहुतेकांनी टाकून दिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी हळूहळू ते बदलणं थांबवलं आणि जे नाव त्या वेळी हाताशी होतं तेच पुढे गोठलं, बायाही मग नवऱ्याचं आंदेर्सॉन लावायला लागल्या, बाप आंदेर्स असो नसो. १९०१ साली सरकारने आडनावांचा नियमच केला.

पण मला सगळ्यात जास्त माया आहे ती शिपायांच्या नावांची. १६८२ पासून राजा अकराव्या कार्लने फौजेची अशी पद्धत लावली की काही शेतं मिळून एक शिपाई पोसायचा, त्याला एक झोपडी आणि जमिनीचा तुकडा द्यायचा. आता एका तुकडीत दहा आंदेर्स आंदेर्सॉन असले तर हुकूम कोणाला सोडणार? म्हणून भरतीच्या वेळी प्रत्येकाला एक आखूड, कडक नाव मिळायचं. रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे शूर, स्तार्क म्हणजे बळकट, ग्लाद म्हणजे आनंदी, फ्रिस्क म्हणजे निरोगी. नाहीतर हत्यारं, स्वॅड म्हणजे तलवार, शॉल्द म्हणजे ढाल, दोल्क म्हणजे खंजीर. (स्वॅडमध्ये आर-डी आहे, म्हणजे उप्सालाकरांच्या नियमाने 'ड' बरोबर ना?) आणि पुष्कळदा नाव माणसाचं नसून त्या झोपडीचंच असायचं. रास्क मेला किंवा म्हातारा झाला की त्याच्या जागी जो येईल तोही रास्क, रक्ताचा काही संबंध नसला तरी. आमच्या घरच्या वहीत असंच एक पान आहे, एका नावावर पाद्र्याने आडवी रेघ मारलीय आणि खाली त्याच नावाने दुसरा माणूस, दुसरी बायको, दुसरी मुलं. शाई वेगळी, अक्षर वेगळं, नाव तेच. ते पान बघताना मला गलबलून येतं.

त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असणं अगदी नेहमीचं. समजा थोरला शेतावर राहिला तर तो बापाच्या नावाचा, मधला फौजेत गेला तर तो स्तार्क, धाकटा शहरात जाऊन कारागीर झाला तर तो लिंदस्त्रॉम. हे तिसरं म्हणजे शहरातल्या मंडळींनी स्वतः निवडलेलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात निसर्गातले दोन शब्द जोडायची पद्धत पडली, लिंद झाड, बॅर्य डोंगर, स्त्रॉम प्रवाह, लुंद राई, ग्रेन फांदी, क्विस्त डहाळी, ब्यॉर्क म्हणजे बर्च, हॉल्म बेट. त्यांचा मिळून अर्थ लागलाच पाहिजे असं नाही. लुंदक्विस्त म्हणजे राई-डहाळी, स्त्रॉमबॅर्य म्हणजे प्रवाह-डोंगर. कानाला गोड लागलं, घेतलं. कधी अर्धा शब्द गावाच्या नावातला असायचा, भावंडं तो अर्धा सारखा ठेवायची, पण तेवढ्यावरून गाव ओळखता येत नाही. म्हणजे बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की आडनावावरून गाव क्वचित कळतं, पण नाव घेणारा पूर्वज शेतात होता, फौजेत होता, विद्यापीठात होता की शहरात होता याचा बराच अंदाज येतो.

अटलांटिक एकट्याने विमानातून ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग आठवतोय ना, त्याचे आजोबा स्वीडनच्या संसदेत होते, नाव ओला मोन्सॉन. १८५९ साली ते इकडे मिनेसोटात आले आणि ऑगस्ट लिंडबर्ग झाले. म्हणजे ते बर्ग आजोबांपासूनच सुरू झालं होतं.

लुंडचा_विद्यार्थी

वरचं सगळं आवडलं पण एक दुरुस्ती, म्हणजे भर म्हणा. ळ-ण-ड-ष हे स्टॉकहोम, उप्साला, उत्तरेकडे. मी लुंडला आहे, स्कोने प्रांतात, इथे असं होत नाही. हा भाग १६५८ पर्यंत डेन्मार्ककडे होता आणि इथला 'र' अजून घशातून येतो, खाकरल्यासारखा, त्यामुळे तो पुढच्या अक्षरात विरघळत नाही. आमच्या लॅबमधला आंदेर्सॉन स्वतःला 'आन्देर्सॉन'च म्हणतो, र घशात, पण स स्वच्छ. फिनलंडमधले स्वीडिश बोलणारेही 'ष' करत नाहीत. तेव्हा एकच उच्चार खरा असं मुलांना सांगू नका, कोल्हापूर आणि नागपूरच्या मराठीत फरक असतो तसंच आहे हे.

आणि जुन्या स्पेलिंगवर फसू नका. १९०६ साली तिकडे शुद्धलेखन सुधारलं पण आडनावं जुन्याच वेशात राहिली. म्हणून लॉफग्रेन दिसतं ते 'लॉवग्रेन', आधीचे पंतप्रधान स्तेफान लॉफवेन म्हणजे 'लॉवेन', जोर शेवटच्या वे वर. क्यू-व्ही दिसलं तर 'क्व', डब्ल्यू दिसलं तर 'व', दाल मधला एच मुका.

एस-जे चा आवाज मात्र देवनागरीत बसतच नाही. डोळे-तोंड कोरडं पडायच्या आजाराला आपले डॉक्टर शोग्रेन्स म्हणतात तो हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश डोळ्यांच्या डॉक्टरवरून. इथे तो आवाज 'ख' आणि 'ह्व' च्या मधला कुठेतरी, मेणबत्ती विझवताना फुंकर मारतो तसा काहीसा. मी अजून शिकतोय. तिथे 'श' लिहिलंत तरी चालेल, काही भागांत तसंही म्हणतात.

गोथेनबर्गची_आई

कागदपत्री ताई, दोतेरवरून आठवलं म्हणून लिहिते. आमच्या लेकीच्या पासपोर्टवर तिचं नाव आणि तिच्या बाबांचं नाव एकाच रकान्यात आहे, आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे. इथे शाळेत घातलं तेव्हा त्यांनी दोन्ही तिचीच नावं धरली आणि पहिल्या आठवड्यात तिला बाबांच्या नावाने हाक मारायला लागले. ती घरी येऊन रडली. मी दुसऱ्या दिवशी तिच्या शिक्षिकेला समजावायला गेले, इंग्रजीत सांगून जमेना, शेवटी मी म्हटलं, हे बघा, हे दोतेर सारखं आहे, फक्त आम्ही दोतेर म्हणत नाही. त्या क्षणी तिचा चेहरा उजळला! म्हणाली माझ्या पणजीच्या आईपर्यंत आमच्याकडे असंच होतं. मग त्या बाईंनी वर्गात सगळ्या मुलांकडून आपापल्या बापाचं नाहीतर आईचं नाव लावून घेतलं एकदा, आईच्या नावाचीही सोय आहे बरं का कायद्यात, १९८३ पासून ज्याला हवं तो पुन्हा असं नाव घेऊ शकतो.

आणि २०१७ च्या नव्या कायद्याने दोन आडनावं जोडून लावता येतात, शिवाय जे आडनाव दोन हजारांपेक्षा जास्त लोकांचं आहे ते कोणीही अर्ज करून घेऊ शकतं. कमी लोकांचं असेल तर मात्र ते त्या घरांचंच, त्याला हात लावायचा नाही.

विज्ञानबाई_सातारा

काय लिहू, डोळे भरून आले वाचताना. आज तासाला सगळं वाचून दाखवलं. लिंडनच्या झाडाची गोष्ट दोनदा सांगायला लावली मुलांनी. आणि 'ळ' वर तर वर्गात जो आवाज झाला की शेजारच्या वर्गाच्या बाई बघायला आल्या. एक मुलगा म्हणाला, बाई, मग मराठी आलं की निम्मं स्वीडिश आलंच!

आता शेवटचं. हस्तलिखितात छापू काय? सेल्सिअस बदलून सेल्सिउस करू का? परीक्षेत मुलांचे मार्क जायला नकोत.

उप्सालाकर

कागदपत्री, हो, 'स्वॅड' बरोबर. लुंडच्या मित्रा, मान्य, मी उत्तरेकडचा आवाज सगळ्यांचा करून टाकला.

बाई, माझं मत असं की सेल्सिअस आणि नोबेल हे शब्द आता मराठी झालेत, थर्मामीटरवर आणि पेपरात रोज येतात, ते आहेत तसे ठेवा. नोबेल तर आपण जवळजवळ बरोबरच म्हणतो, जोर 'बे'वर. बाकीच्यांचंही पाठ्यपुस्तकातलं रूप शीर्षकात ठेवा म्हणजे मार्क जाणार नाहीत आणि खाली एका ओळीत 'त्यांच्या गावी असं म्हणतात' म्हणून उच्चार द्या. आन्देष सेल्सिउस. काळ फॉन लिने, शेवटचा ने लांब आणि जोराचा. यॉन्स याकॉब बॅषेलिउस, झेड चा इथे 'स' होतो आणि मागे आर असल्यामुळे त्या 'स'चा 'ष'. आन्देष यूनास ऑङ्स्त्रॉम. स्वान्ते आरेनिउस, यात एच ऐकूच येत नाही, म्हणजे तुमचं ते 'अऱ्हेनियस' मधे उगाच ह घेऊन बसलंय. आल्फ्रेद नोबेल.

त्या ऑङ्स्त्रॉमच्या पहिल्या अक्षराच्या डोक्यावर गोल असतो, मुलांना चित्र काढताना तो विसरू देऊ नका, गोल नसलेला ए आणि गोल असलेला ए ही तिकडे वेगळी अक्षरं आहेत, गोलवाला तर बाराखडीच्या शेवटी येतो. आणि शेवटच्या 'त्रॉम'मधला ऑ आपल्या ऑसारखा नाही, ओठ ओ म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि आतून 'ए' म्हणायचं. वर्गाला एकदम करायला सांगा, पहिल्याच प्रयत्नात पाच-सहा जणांना जमेल.

विज्ञानबाई_सातारा

उत्तम, असंच करते. उद्या पहिल्या तासाला गोल ओठ. हस्तलिखित तयार झालं की लिनिअसच्या पानाचा फोटो इथे टाकते, त्या मुलीने झाड काढायला घेतलंय आणि तीन फांद्यांवर तीन आडनावं लिहिलीत.